आमचा फुटबॉल क्लब आणि आपली मोकळी जागा

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'सोसायटीच्या जुन्या आठवणी' हा विषय दिला होता. पण बोअरवेल, चिखलाचा रस्ता, पहिला गणपती, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून टाकलं. म्हणून मी फुटबॉलवर बोलतो. हसू नका जी, शेवटी सोसायटीवरच येणार आहे.

माझं लहानपण गोंदियात रेल्वे लाईनच्या कडेला गेलं. आमच्या मोहल्ल्यात एक फुटबॉल क्लब होता. क्लब म्हणजे काय? एक बॉल, एक पंप आणि वर्गणीची एक वही. हे तिन्ही रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका काकांच्या घरी असायचं. ड्यूटीवरून आले की ते बॉल काखेत धरून निघायचे आणि त्यांच्या मागे आम्ही पोट्टे. बॉल चामड्याचा, आत ब्लॅडर, वरून लेस. पंक्चर झाला तर सायकलवाल्याकडे, शिवण उसवली तर मोच्याकडे. पावसात भिजला की असा जड व्हायचा, की हेडिंग करताना लेसची गाठ कपाळावर उमटायची. धान कापून झाल्यावर आम्ही बांधीतही खेळलो. तळव्यांना खुंटं टोचायची, पण खेळ थांबत नव्हता. मंडईच्या दिवसांत पाहुण्या गावच्या पोरांशी मॅच ठरायची. हरलो तरी चहा-चिवडा मिळायचा, त्यामुळे हरण्याचं दुःख फार टिकत नसे.

हा क्लब कधी बंद पडला, ते मला आजही सांगता येत नाही. आपल्या सोसायटीत नळाची तोटी बदलायची तरी ठराव होतो. क्लब बंद करायचा ठराव कोणी केलाच नाही. काकांची बदली झाली. खेळायच्या जागेवर आधी सामान पडलं, मग कुंपण आलं. अकराचे नऊ झालो, नऊचे सहा. मोठी पोरं कामाला नागपूर, रायपूर, पुण्याला गेली. वहीत शेवटची नोंद पंपाच्या वॉशरची होती, हे मात्र मला पक्कं आठवतं, कारण ती माझ्या हातची आहे.

लोक म्हणतात, मोबाईलने मैदान खाल्लं. कोणी क्रिकेटला दोष देतं. थोडं खरं असेल. पण आमचा क्लब संपला तेव्हा मोबाईल कुठे होता? आणि मोठ्या शहरातले मोठे क्लबही असेच गेले. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. १९६४ साली ती बंगाल नागपूर रेल्वेच्या संघाने जिंकली. ज्या रेल्वेने आपलं गोंदिया जंक्शन केलं, तिच्याच नावाचा हा संघ. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, मफतलाल मिल जिंकली. गिरणीत कामाला असलेले लोक देशातल्या नावाजलेल्या संघांना हरवत होते! २०००-०१ नंतर ती स्पर्धाच भरली नाही. महिंद्रा युनायटेड हा १९६२ पासूनचा संघ २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. कंपनीचा संघ म्हणजे कंपनीच्या हिशेबातलं एक कलम. साहेबाने रेघ मारली की संपलं. तिथे पगार तरी होता. आमचा क्लब तर एका माणसाच्या संध्याकाळच्या वेळेवर चालत होता.

आता कोल्हापूर बघा. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचे संघ आजही शाहू स्टेडियमवर भिडतात आणि लोक घरचं कार्य असल्यासारखे जमतात. कधीकधी समर्थकांची भांडणंही होतात, ते मला मुळीच पसंत नाही. पण तो क्लब पेठेचा आहे. एका माणसाची बदली झाली म्हणून पेठेची बदली होत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. एवढं लांबही जायला नको. नागपूरला जाताना गाडीतून कामठी लागतं ना, तिथला रब्बानी क्लब विदर्भात फुटबॉल खेळणाऱ्या कोणालाही विचारा.

त्याच २०१७ साली, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला. चांगला केला. पण १६ सप्टेंबरला तो बॉल कपाटातून काढणारा माणूस लागतो. नागपुरात एका कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी स्पर्धा घेतली. 'झुंड' सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला, त्यामागची गोष्ट ती. सिनेमात अमिताभ आहे म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या गेटवर मुलं बॉल घेऊन आली तर आपण काय करतो?

इथे मला कबुली द्यायची आहे. आपल्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर 'येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे, आदेशावरून' असा बोर्ड आहे. तो आदेश माझा. मी सचिव होतो, एका गाडीची काच फुटली होती, सभेत आरडाओरडा झाला आणि मी तो मजकूर लिहून पेंटरला दिला. 'सक्त' हा शब्दही माझाच. त्यानंतर महिनाभरात संध्याकाळी तिथे कोणी दिसेना. मला वाटलं, शांतता झाली. काकांच्या घरून बॉल घेऊन निघणारा मी, आणि कुंपण घालणाराही मीच निघालो.

आता त्या जागेवर पेव्हर ब्लॉक लावून अर्ध्या भागात हॉल बांधायचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतो आहे. हॉल कोणाला नको? लग्न-बारशाला किती भाडं जातं, मला माहीत आहे. माझ्याच दोन मुलींची लग्नं झाली. पण लेआउट मंजूर होताना ती जागा मोकळी ठेवायची म्हणूनच सोडलेली आहे. ब्लॉकवर पडलेल्या पोराचा गुडघा कसा होतो, हे डॉक्टर मंडळी सांगतील. काचेची भीती असेल तर रस्त्याच्या बाजूने जाळी बसवू. तिचा खर्च बाहेरून माहिती घेऊन मी सभेपुढे ठेवतो. वर्गणीत पहिलं नाव माझं लिहा. मुलीही खेळतील, हे आताच सांगून ठेवतो, नंतर वाद नको.

सभा होईल तेव्हा होईल, मत ज्याचं त्याने द्यावं. बोर्ड मात्र मी लावला होता, तो काढायची परवानगी आज अध्यक्षांनी मला द्यावी. बॉल मी आणलेला आहे, स्टेजच्या मागे पिशवीत आहे. पंप आणि सुई पंपहाऊसच्या चावीजवळ टांगून ठेवतो, म्हणजे माझ्या घरी यायची गरज पडणार नाही. रविवारी सकाळी सहा वाजता या. मी फक्त शिट्टी वाजवीन, गुडघे आता पळू देत नाहीत. आणि ज्यांच्या गाड्या तिथे उभ्या असतात, त्यांनी शनिवारी रात्रीच हलवून ठेवाव्या, ही नम्र विनंती.