मुलीचें नांव

घरांत मुलगी जन्मास आली कीं पहिल्या दहाबारा दिवसांत दोन कामें घरच्या मंडळींपुढें उभीं राहतात. एक बाळबाळंतिणीची शुश्रूषा, आणि दुसरें नांवाचा शोध. पहिलें काम जाणत्या बायका मुकाट्यानें करीत असतात. दुसऱ्यांत मात्र आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचा हात असतो, आणि माणसें जितकीं तितकीं मतें निघतात. या दुसऱ्या कामाविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें. विषय घरगुती आहे, पण क्षुल्लक नाहीं. जन्मभर पुरणारी आणि तरीही स्वतःस निवडतां न येणारी अशी वस्तु नांवासारखी दुसरी क्वचितच सांपडेल.

आपल्या पूर्वजांनीं नामकरणास संस्कारांत स्थान दिलें. मुलीच्या नांवाचीं अक्षरें विषम असावींत व तें आकारान्त असावें, असें पारस्कर गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांतील अपेक्षा याहून मोठी आहे. मुलीचें नांव सुखानें उच्चारतां यावें, त्यांत कठोरपणा नसावा, अर्थ स्पष्ट असावा, तें मनोहर व मंगल असावें आणि त्यांतून आशीर्वाद सुचावा. हे नियम आजही कोणास अमान्य होणार नाहींत. परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचें नांव धारण करणाऱ्या मुलीशीं विवाह करूं नये, असेंही बजावलें आहे. महाराष्ट्रानें हें दुसरें वचन मुळींच मनावर घेतलें नाहीं. गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना, रोहिणी, रेवती, तुळसा, मैना याच नांवांनीं आपल्या आज्यापणज्या नांदल्या, आणि नांवापायीं त्यांचीं लग्नें अडलीं नाहींत. यावरून एवढेंच दिसतें कीं, नांवाच्या बाबतींत लोकांनीं शास्त्रांतलें पटलें तें घेतलें व न पटलें तें सोडून दिलें. आपणही तसें करण्यास संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

जन्मनक्षत्राच्या अक्षराविषयींही असेंच म्हणतां येईल. सत्तावीस नक्षत्रें, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकंदर १०८ अक्षरें ज्योतिषांत ठरलेलीं आहेत. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणास ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्यास ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यास ‘ञ’. या अक्षरांवर मुलीचें नांव कोठून आणावें? अशा वेळीं जोशीबुवाच दुसरें अक्षर सुचवितात. पत्रिकेंत एक नांव आणि व्यवहारांत दुसरें, ही तोड आपल्या वडीलधाऱ्यांनीं पूर्वींच काढून ठेवली आहे. तेव्हां एका अक्षरापायीं घरांत रुसवेफुगवे होऊं देण्यांत शहाणपण नाहीं.

आतां रुचीची गोष्ट. शाळेंत वर्षानुवर्षें हजेरी घेणाऱ्या माणसाला नांवांच्या लाटा स्पष्ट दिसतात. भागीरथी, द्वारका, काशी गेल्या. कुसुम, नलिनी, मालती, विमल आल्या. त्याही गेल्या आणि पुढें सुनीता, सुरेखा, मंगल आल्या. एका वर्गांत एकाच नांवाच्या चौघी बसल्या, म्हणजे त्यांना आडनांवानें हांक मारावी लागे. त्याला कंटाळून हल्लीं आईबाप कोणाचेंच नसेल असें नांव शोधतात. हेतु चांगला आहे. पण त्या भरांत कधीं कधीं असें नांव निघतें कीं त्याचा अर्थ कोणत्याच कोशांत सांपडत नाहीं, आणि तें नीट कसें लिहावें हें मुलीला प्रत्येक कचेरींत सांगत बसावें लागतें. वेगळेपणाची हौस आईबापांची, आणि खुलाशाचें ओझें मात्र मुलीच्या शिरावर, असें होऊं नये.

येथपर्यंतच्या गोष्टी रुचीच्या झाल्या. यापुढची गोष्ट मात्र रुचीची नाहीं.

आपल्याकडे धोंडाबाई, कोंडाबाई, दगडू, केरबा अशीं नांवें पूर्वीं पुष्कळ असत. शहरांतील मुलें तीं ऐकून हंसतात. परंतु त्या नांवांमागें बहुधा एक आर्त माया असे. अगोदरचीं मुलें हातची गेलेलीं असत. हें तरी जगावें, दृष्ट लागूं नये, मृत्यूनेंही याला धोंडा किंवा कोंडा समजून सोडून द्यावें, म्हणून आई मुद्दाम हलकें नांव ठेवी. नांव ओबडधोबड असलें तरी त्याच्या पोटांत ‘मला हें मूल हवें आहे’ हीच भावना होती.

याच्या अगदीं उलट जातीचें एक नांव आपल्याच महाराष्ट्रांत आहे. तें म्हणजे नकुसा, किंवा नकुशी. मुलाची वाट पाहत असतां तिसरी किंवा चौथी मुलगी झाली, म्हणजे तिला हें नांव द्यावयाचें. असें केल्यानें पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. श्रोतेहो, वर्गांत हजेरीच्या वेळीं असें नांव पुकारलें कीं एक मुलगी उभी राहून ‘हजर’ म्हणते. जी नको आहे ती रोज सकाळीं सर्वांसमक्ष आपण हजर असल्याचें सांगते! हें उत्तर ऐकणाऱ्या शिक्षकाला त्या दिवशींचा धडा शिकविणें सोपें जात नाहीं. धोंडाबाईनें मोठेपणीं आईला आपल्या नांवाचें कारण विचारलें, तर तिला माया ऐकावयास मिळेल. नकुसेला तर विचारण्याचीही गरज नाहीं. तिचें नांव मराठी जाणणाऱ्या प्रत्येकाला तें कारण सांगत सुटतें.

या बाबतींत एक समाधानाची घटना सांगितली पाहिजे. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं सातारा येथें समारंभ होऊन जिल्ह्यांतील अशा २८५ मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं आणि त्या नांवांचे दाखलेही त्यांच्या हातीं पडले. कोणी देवतांचीं नांवें घेतलीं, कोणी सिनेतारकांचीं. एखाद्या पंडिताला त्यांतील कांहीं निवडी उथळ वाटतील. मला तसें वाटत नाहीं. जिला नांवानें घराबाहेर लोटलें होतें, तिनें स्वतःसाठीं झगझगीत नांव मागितलें, तर त्यांत तिचें काय चुकलें?

तथापि दाखला बदलल्यानें मन बदलतेंच असें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागें मुली नऊशेंहूनही कमी भरल्या. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं आणि संबंध देशानें १९९४ सालीं केला, तरी ही स्थिति. सुशिक्षित घरांत मुलीचें नांव कोणी नकुसा ठेवीत नाहीं, हें खरें. पण बारशाच्या दिवशीं पेढ्यांऐवजीं बर्फी पुरे म्हणणारीं आणि ‘पुढच्या वेळीं मुलगा होऊं द्या’ असा आशीर्वाद देणारीं माणसें सुशिक्षित घरांतही भेटतात. पाळण्यांत गोड नांव आणि ओठांवर असला आशीर्वाद, यांतलें मुलीचें खरें नांव कोणतें समजावें?

मुलीच्या नांवावर दुसरी पाळी लग्नांत येते. ताटांत तांदूळ पसरून नवऱ्यानें अंगठीनें नवें नांव लिहावें, ही चाल आपल्या परिचयाची आहे. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि १८८६ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून फिलाडेल्फियाहून पदवी घेती झाली. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. मनकर्णिका गोखले पुढें लक्ष्मीबाई टिळक झाल्या, आणि १८९३ सालीं अण्णासाहेब कर्व्यांशीं पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. या थोर स्त्रियांनीं नवीं नांवें उजळ केलीं. पण त्यांच्या आईबापांनीं हौसेनें ठेवलेलीं नांवें आज चरित्राच्या पहिल्या पानावरच तेवढीं उरलीं आहेत. याउलट बाळूताई खरे यांचें उदाहरण पाहा. त्या लग्नानंतर मालती बेडेकर झाल्या. परंतु १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करतांना त्यांनीं धारण केलेलें विभावरी शिरूरकर हें नांवच वाचकांच्या मनांत घर करून राहिलें. लग्नानंतर नांव बदललेंच पाहिजे असें कायद्याचें बंधन नाहीं. बदलावें कीं नाहीं, हें जिचें नांव तिनें ठरवावें.

आईच्या नांवासंबंधीं अलीकडे एक चांगला पालट झाला आहे. १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नांवापुढें शासकीय कागदपत्रांत प्रथम आईचें, मग वडिलांचें नांव आणि शेवटीं आडनांव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनानें केला. म्हणून आतां नांव ठरवितांना चारही नांवें ओळीनें मोठ्यानें म्हणून पाहावींत. आईच्या कागदांवर माहेरचें एक व सासरचें एक अशीं दोन नांवें असतील, तर मुलीच्या दाखल्यावर कोणतें घालावयाचें हें आधींच ठरवावें. नाहींतर पुढें खेटे घालावे लागतात.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावयाची असते. पण नांव तेव्हांच ठरलें पाहिजे असें नाहीं. तें बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क नोंदवितां येतें. तेव्हां घाई नको. मात्र आळसही नको, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे.

शेवटीं चारच सूचना करतों. नांव अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला हांक मारून पाहावें. भाजीवालीला आणि कारकुनाला तें एकदांच सांगून कळावें. सत्तर वर्षांच्या आजीलाही तें शोभेल कीं नाहीं, याचा विचार करावा. आणि चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. उद्यां मुलीनें ‘माझें नांव हें कां ठेवलें?’ असें विचारलें, तर तिच्या डोळ्यांत पाहून सांगतां येईल असें उत्तर जवळ असावें. बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते, तेव्हां बाळाला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. पुढें कळूं लागेल, तेव्हां तें ऐकून तिची मान वर राहावी, एवढी काळजी आपण आजच घेतली पाहिजे.