आई-बाबा आलेत, शनिवारी कुठं न्यायचं?

दिवाळी झाली की आपल्याकडं दोन गोष्टी एकदमच येतात. एक गुलाबी थंडी आणि दुसरे पाहुणे. कुणाचे आई-वडील, कुणाचे सासू-सासरे, कुणाची मावशी आणि काका. पहिले दोन दिवस बॅगांमधले लाडू, चिवडा, मेतकूट आणि गोडा मसाला डब्यांत भरण्यात जातात. तिसऱ्या दिवशी बुर्ज खलिफा, चौथ्या दिवशी मॉल. पाचव्या दिवशी बाबा सोफ्यावर बसून विचारतात, "मग, आता?"

आजचा भाग त्या "आता"साठी आहे. दुबई किंवा शारजातून सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येता येईल अशा सहलींबद्दल बोलू. आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती नीट ऐकली तर कुणाचा तरी जीव वाचेल, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

आधी एक साधा हिशेब. सहल कुणासाठी आहे ते ठरवा. आपली मंडळी तक्रार करत नाहीत. गुडघा दुखत असला तरी आई म्हणते, "चला की, मला काय झालंय." म्हणून ठिकाण निवडताना फोटो बघू नका, चार प्रश्न विचारा. पायऱ्या किती? स्वच्छतागृह कुठं? सावली आहे का? गाडीत सलग किती वेळ बसावं लागेल? डेझर्ट सफारीत वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवतात. ते पाठीचं, मणक्याचं किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांसाठी नाही, गरोदर बाईसाठी तर मुळीच नाही. वाळवंट दाखवायचंच असेल तर आयोजकाला आधीच सांगा की आम्हाला ती उड्यांची फेरी नको, थेट तळावर न्या. असं करणारे परवानाधारक आयोजक मिळतात.

आता पहिली सहल, अल ऐन. दुबईहून साधारण दीड तास. शेती केलेल्या माणसाला या देशातली एकच जागा दाखवायची असेल तर मी ही सांगेन. शहराच्या मधोमध खजुराची बाग आहे, सुमारे बाराशे हेक्टरांची. एक लाख सत्तेचाळीस हजारांच्या आसपास झाडं. खजुराच्या सावलीत आंबा, केळी, अंजीर. आत फरसबंद वाटा आहेत, चढ नाही, तिकीट नाही. आणि त्या वाटेच्या कडेनं पाटाचं पाणी खळखळत जातं.

हे पाणी कुठून येतं ते बाबांना सांगा. त्याला इथं फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी भूजल गाठायचं, तिथून जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा खणायचा आणि पंप न लावता पाणी शेतापर्यंत आणायचं. मध्ये मध्ये सफाईसाठी उभ्या विहिरी. अल ऐनच्या परिसरात असे फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपासून आहेत. मराठवाड्यातल्या पाहुण्यांना हे लगेच कळेल. मलिक अंबरानं सतराव्या शतकात औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी बांधलेली नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालायची. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही तसाच. आणि पाणी वाटायची रीत? वेळेवर. ज्याची पाळी त्याचं पाणी. धुळ्या-नंदुरबारकडची फड पद्धत पाहिलेल्या माणसाला इथं परकं वाटणार नाही. २०११ साली अल ऐनमधली ही ओअॅसिस, हफीत डोंगराजवळची जुनी थडगी आणि हिलीचे अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले.

जेवणानंतर अल जाहिली किल्ला बघा, १८९०च्या दशकातला मातीचा किल्ला. मग ऊन उतरलं की हफीत डोंगरावर गाडीनं थेट वरपर्यंत. वळणं बरीच आहेत, घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढं बसवा आणि तोंडात आवळा सुपारी द्या. गाडी नसेल तरी अडत नाही. दुबईच्या अल घुबैबा स्थानकातून अल ऐनला बस आहे. आपल्यातली एकटी राहणारी पोरंही सुट्टीच्या दिवशी ही सहल कमी खर्चात करू शकतात.

दुसरी सहल, पूर्व किनारा. शारजा ते खोर फक्कान हा नवा रस्ता २०१९ साली सुरू झाला. ८९ किलोमीटर, मध्ये डोंगराच्या पोटातून जाणारे पाच बोगदे. तासाभरात तुम्ही हजर पर्वत ओलांडून दुसऱ्या समुद्रावर पोहोचता. हे ओमानचं आखात, पुढं ते अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे हा आपलाच समुद्र, फक्त पलीकडच्या काठावरून. कोकणातल्या पाहुण्यांसाठी यात एक गंमत आहे. मालवणात, गुहागरात आयुष्यभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिला. इथं तो समुद्रातून उगवतो. पहाटे पाचला निघायची तयारी असेल तर हे त्यांना जरूर दाखवा.

खोर फक्कानला अर्धचंद्राच्या आकाराचा उपसागर आहे आणि किनाऱ्यालगत चालायला सपाट रस्ता. गावाचं नाव गोव्याच्या इतिहासाशी जोडलेलं आहे. १५०७ साली आफोन्सो द आल्बुकर्क पोर्तुगीज आरमार घेऊन या किनाऱ्यावर आला, मस्कत जाळलं, खोर फक्कान लुटलं, पुढं होर्मुझवर गेला. तीनच वर्षांनी, १५१० मध्ये, त्याच माणसानं गोवा घेतला. गोमंतकीय पाहुणा असेल तर ही गोष्ट किनाऱ्यावर उभं राहून सांगा.

मासळी बाजारात आईला न्या. इथं ज्याला कनआद म्हणतात ती आपली सुरमई. नाव माहीत नसलं तरी आई हातानं ओळखेल आणि भावही करेल, भाषा आड येत नाही. तिथून उत्तरेला दिब्बाच्या वाटेवर अल बिदिया मशीद लागते. दगड-मातीची, इवलीशी, साधारण १४४६ सालची. छतावर चार घुमट आणि आत ते सगळे पेलणारा एकच खांब. आजही तिथं नमाज होते, म्हणून अंगभर कपडे, डोक्यावर ओढणी आणि नमाजाची वेळ सोडून जाणं हे आपण पाळायचं. उगाच लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे फोटो काढू नका. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं इथं कायद्यात अडकवतं. बंदरं आणि लष्करी जागा यांचेही काढू नका.

तिसरी सहल उत्तरेकडं, रास अल खैमा. बहुतेक लोक थेट जेबेल जैसवर जातात आणि थंडीत जावंच. वर स्वेटर लागतो, तो गाडीत ठेवा. पण वाटेत अल जझीरा अल हमरा नावाचं एक रिकामं गाव आहे. ते चुकवू नका. पोवळ्याच्या दगडांची घरं, मशीद, अंगणं, सगळं उभं आहे, माणसं नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इथली कुटुंबं अबुधाबीला निघून गेली. हे मोती काढणाऱ्यांचं गाव होतं. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचे. वर दोरी धरून दुसरा माणूस बसायचा. जहाजाच्या कप्तानाला इथं नाखुदा म्हणत. आपल्या कोळी बांधवांचा नाखवा तो हाच शब्द.

आणि हे मोती जायचे कुठं? मुंबईला. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती. १९२९ नंतरची जागतिक मंदी आली, जपाननं शेतीचे मोती काढले आणि हा धंदा बसला. पण व्यवहार रुपयांतच चालू राहिला. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्या १९६६ पर्यंत इथं चालत होत्या. म्हणजे तुमचे वडील शाळेत असतील तेव्हा या किनाऱ्यावर माणसं रुपयांनी बाजार करत होती. प्रत्येक पाण्याच्या बाटलीचा दिरहमातला भाव मनातल्या मनात रुपयांत करणाऱ्या बाबांना हे सांगून बघा. चेहरा खुलतो. आपण इथं कालपरवा आलेले नाही, हे येणं-जाणं जुनं आहे, असं त्यांना वाटतं. मुलगा किंवा लेक कुठल्या परक्या मुलखात राहते ही काळजी थोडी हलकी होते. सहलीतून इतकं मिळालं तरी पुष्कळ.

आता ती महत्त्वाची गोष्ट. हत्ता, फुजैरा, रास अल खैमा, सगळीकडं डोंगरातल्या कोरड्या नद्या आहेत. त्यांना वादी म्हणतात. सपाट जागा, गुळगुळीत दगड, थोडी सावली. चटई टाकायला, डबा उघडायला याहून चांगली जागा नाही असं वाटतं. पण डोंगरांवर कुठंही पावसाची शक्यता असेल तर डोक्यावर ऊन असलं तरी वादीत उतरू नका.

याचं कारण समजून घ्या. हजरचे डोंगर उघडे खडक आहेत. माती नाही, झाडी नाही, पाणी मुरायला जागा नाही. वीस किलोमीटरवर पाऊस पडतो आणि ते सगळं पाणी दरीत गोळा होतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो, आणि येतो तो काही मिनिटांत. उन्हाळ्यातसुद्धा दुपारनंतर या पूर्वेकडच्या डोंगरांवर ढग जमतात. २०२४च्या जूनअखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाण्याचं वागणं तिथं आणि इथं सारखंच.

त्याच वर्षी १६ एप्रिलला अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींमधला हा सर्वांत मोठा. मुंबईच्या २६ जुलैच्या ९४४ मिलिमीटरपुढं आकडा लहान वाटेल, पण हा देश असा आहे की वर्षभरात साधारण शंभरच्या आसपास पडतो.

आपली सवय अशी की पाऊस आला की भिजायला बाहेर पडायचं. इथं तसं केलं तर दंड आहे. २०२३ पासूनचा नियम ऐका. पावसात वादी, पूरभाग किंवा धरणाजवळ जमलात तर एक हजार दिरहम आणि सहा काळे पॉइंट. पुराच्या वादीत गाडी घातली तर दोन हजार दिरहम, तेवीस काळे पॉइंट आणि गाडी साठ दिवस जप्त. निघण्याच्या सकाळी राष्ट्रीय हवामान केंद्राचा इशारा बघा. पिवळा, नारिंगी किंवा लाल दिसला तर डोंगराचा बेत रद्द. बाबा म्हणतील, "एवढं काय, आम्ही पूर बघितलेत." त्यांना हसून सांगा, आणि जाऊ नका. त्या दिवशी दुबईच्या खाडीवर एक दिरहमात अब्रानं पलीकडं जा, जुन्या बाजारात चहा प्या. पाऊस थांबला तर तोही दिवस छान जातो.

दुसरी सावधगिरी कागदांची. मुसंदम, म्हणजे खसबची बोटीची सहल, फार सुंदर आहे, डॉल्फिनही दिसतात. पण मुसंदम हे ओमान आहे, अमिरात नाही. पाहुण्यांचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर सीमा ओलांडताच तो संपतो, आणि परत येताना नवा लागतो. दिब्बाहून सुटणाऱ्या बोटींसाठी आयोजक कागदपत्रांची सोय करतात, तरी पैसे भरण्याआधी विचारा, आमच्या व्हिसावर परत आत येता येईल का? उत्तर लेखी घ्या. स्वतःची गाडी नेणार असाल तर विम्यात ओमान आहे का तेही पाहा. हत्तालाही जाताना नकाशात लक्ष ठेवा, जुना रस्ता मध्येच ओमानच्या हद्दीतून जातो. शारजाच्या बाजूचा रस्ता धरा.

पाहुणे उन्हाळ्यात आले असतील तर एक खूण लक्षात ठेवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामगारांकडून काम करून घ्यायला इथं बंदी असते. सवय असलेल्या धडधाकट माणसांना जे ऊन वर्ज्य, त्यात सत्तर वर्षांच्या आजीला किल्ला दाखवायचा नाही.

जाताना पिशवीत काय? माणशी दोन लिटर पाणी, बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेप्रमाणे, साखर किंवा खजूर, पासपोर्टची प्रत, टोपी, आणि दशम्या-चटणी. बाहेरचं खाणं सगळ्यांना मानवतंच असं नाही, आणि खजुराच्या सावलीत दशमीची चव न्यारीच. फोनमध्ये नंबर ठेवा. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, समुद्रावर तटरक्षक ९९६. हे आई-बाबांच्या फोनमध्येही घाला, कारण बऱ्याचदा रेंज त्यांच्याच फोनला असते.

आणि शेवटचं. एका दिवसात एकच ठिकाण. आपल्याला शनिवार-रविवार दोनच मिळतात, म्हणून आपण तीन जागा कोंबतो आणि पाहुणे गाडीतच दमतात. एक जागा, एक निवांत जेवण, परतीच्या वाटेवर एक चहा. बाकी वेळ त्यांना बोलू द्या. गाडीत, रस्त्याकडं बघत बोलताना माणसं जे सांगतात ते घरात सांगत नाहीत. गावच्या जमिनीचं, भावकीचं, तब्येतीचं. फोन खिशात ठेवा आणि ऐका.

या शनिवारी हवामानाचा इशारा नसेल तर निघा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, सांभाळून गाडी चालवा. नमस्कार!