गर्भवतीचे रक्त आणि कागदावरचा हिशेब



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण झाले ते पगारपत्रके, करारांचे मसुदे आणि कायद्याची पुस्तके वाचून. तरी आज या विषयावर उभा राहिलो, त्याला कारण एक कागद.

दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीतला एक यंत्रमाग कामगार युनियनच्या कचेरीत आला. सुनेला तिसरा महिना संपत आलेला. कागदावर लाल अक्षरांत ‘धोका जास्त’ आणि खाली १ : १८०. ज्यांनी कागद दिला त्यांनी अर्थ सांगितला नव्हता. घरात रडारड. सासूबाई म्हणत, मूल वेडे निघणार, आताच मोकळे व्हा. मी त्याला म्हणालो, “दादा, अशा १८० सुना रांगेत उभ्या केल्या, तर १७९ जणींच्या बाळांना हा दोष नाही. एकीच्या बाळाला असेल.” तो कितीतरी वेळ कागदाकडेच पाहत राहिला.

मग मी वाचू लागलो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली नक्की झाले. १९५९ साली पॅरिसमध्ये उलगडले की, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलात २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असतात. ग्रहणात विळी धरल्याने हे होत नाही. बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना वाटणीत एक गुणसूत्र जास्त येते, एवढेच. आईच्या विशीत ही शक्यता सुमारे १५०० त एक, चाळिशीत सुमारे १०० त एक.

अकराव्या ते तेराव्या आठवड्यात आईच्या रक्तातली दोन द्रव्ये मोजतात, सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी पाहतात, वय जमेस धरतात आणि अंदाज काढतात. समजा, १०,००० गर्भवती आहेत आणि त्यांतल्या दहा जणींच्या बाळांत हा दोष आहे. ही तपासणी नऊ जणी हुडकते. पण निर्दोष बाळांच्या सुमारे ५०० आयांनाही लाल अक्षरे दाखवते! दुसरी तपासणी नवी. वारेतून आईच्या रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे त्यात वाचतात. ते तिथे सापडतात हे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवले. ही दहाव्या आठवड्यापासून होते, पण खर्च हजारांत. ती जवळजवळ दहाही जणी हुडकते आणि विनाकारण घाबरवते ती पाचदहा जणींना. पण मंडळी, म्हणजे इथेही लाल कागद मिळालेल्यांत दोघींत एक किंवा फार तर तिघींत दोघीच खऱ्या निघतात.

आमच्या भाषेत ही कारणे दाखवा नोटीस झाली. निकाल अजून लागायचा आहे. निकालासाठी पंधराव्या आठवड्यानंतर सुईने गर्भजल काढतात. त्यात गर्भपाताचा धोका असतो, पण शंभरात एकाहून कमी.

कायद्याचेही सांगतो. याच रक्तातून मुलगा की मुलगी तेही कळते. ते सांगणे महाराष्ट्रात १९८८ पासून आणि देशभर १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाळात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. आणि संमती लागते ती सज्ञान गर्भवतीची. सासूची नाही, नवऱ्याचीही नाही. आमच्या सभांत हे वाक्य मी दोनदा वाचतो.

त्या सुनेने सुईची तपासणी करून घेतली. निकालाची वाट पाहत असताना ती मला म्हणाली, “काका, अशी मुले काय काय करू शकतात?” तोवर तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. मी वाचलेले सांगितले : चालायला, बोलायला उशीर लागतो; जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यांतले पुष्कळ शस्त्रक्रियेने सुधारतात; शाळेत जातात, काही जण नोकरीही करतात. तिने ऐकून घेतले. मग विचारले, “आणि मी मागावर गेले, की त्याच्याजवळ कोण बसेल?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पाळणाघराची मागणी आमच्या यादीत सातव्या क्रमांकावर होती. त्या वर्षी आम्ही ती दुसऱ्या क्रमांकावर घेतली.

निकाल निर्दोष आला. मुलगी आता दीड वर्षाची आहे. परवा सून सासऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, “मामंजी, तो कागद तुम्ही आधी माझ्या हातात द्यायचा होता.”