कागद कुणाकडे मागायचा?
(वसई येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहशतवादाचा विषय निघाला की आपल्याला सांगितले जाते, हा पोलिसांचा प्रश्न आहे, बायकांच्या संघटनांनी त्यात पडू नये. पण वसई-विरारच्या बाईला हा विषय परका नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. कामावरून घरी परतणारी माणसे होती ती. तेव्हा सुरक्षितता आपल्यालाही हवी आहे, हे मी आधीच सांगते. प्रश्न असा आहे की ती मिळते कशाने?

सरकारचे उत्तर ठरलेले असते : ओळखपत्र. कारगिल युद्धानंतर २००१ साली मंत्रिगटाने बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची शिफारस केली. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात त्याची तरतूद झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आली. पण त्या हल्ल्यातले दहशतवादी खिशात बनावट ओळखपत्रे घेऊनच उतरले होते! ज्याच्या मागे पैसा आणि यंत्रणा आहे, त्याला कार्ड मिळते. ते नसते कुणाकडे? नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे, कचरा वेचणारीकडे, घरकाम करणारीकडे.

बरे, कार्ड असले म्हणजे भागते का? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ चा आधार कायदाच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्यावरून कुणी नागरिक ठरत नाही. परदेशी व्यक्तींविषयीचा १९४६ चा कायदा रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. पण एक गोष्ट तशीच राहिली. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा बोजा त्या माणसावरच आहे.

हा बोजा बाईवर दुप्पट पडतो. मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. नवऱ्याच्या मारामुळे रात्री घर सोडून आलेल्या बाईच्या हातात मूल असते, कागद नसतात. रेशनकार्ड सासरी, शाळेचा दाखला माहेरी, आणि लग्नात नाव बदललेले. जन्म घरी झाला, त्याची नोंदच नाही. आसाममध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. तिथल्या नागरिक नोंदणीत प्रत्येकाला आपले नाते आधीच्या पिढीशी जोडून दाखवायचे होते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांकडे त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखलाच होता. असे दाखले जोडलेले सुमारे ४८ लाख अर्ज होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने हा दाखला अमान्य केला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला. ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली.

आसाम लांब आहे असे कुणाला वाटत असेल, तर खाडीपलीकडे पाहा. पहलगामच्या हल्ल्यानंतर देशभर बांगलादेशींची शोधमोहीम सुरू झाली. जून २०२५ मध्ये मीरा रोडला मुर्शिदाबादचा एक गवंडी पकडला गेला. घरच्यांनी कागद पाठवले, तरी त्याला सीमेपलीकडे ढकलले. पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केली, तेव्हा तो परत आला. आपले पोलीस आयुक्तालय आणि मीरा रोडचे एकच आहे. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूमच्या एका गरोदर बाईला असेच पाठवले गेले. परत आणा, असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला. ती प्रत्यक्षात परतली डिसेंबरमध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. या दोघांना हाकलून देशातली कोणती लोकल सुरक्षित झाली?

मग कुणी विचारील, जी खरोखरच बांगलादेशातून आली आहे तिचे काय? टाळू नये असा हा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नायगावमध्ये पोलिसांनी एका अल्पवयीन बांगलादेशी मुलीची वेश्याव्यवसायातून सुटका केली. तिला घुसखोर म्हणायचे, की विकली गेलेली मुलगी? पोलिसांकडे गेले तर आपल्यालाच आत टाकतील, अशी धास्ती असेल तर अशी मुलगी तोंड उघडणार नाही. दलाल मोकळा राहील. त्याच्याच वाटेने माणसेही येतात आणि बनावट कागदही. भेदरलेली वस्ती पोलिसांना काही सांगत नाही, आणि माहिती मिळाल्याशिवाय तपास होत नाही. परत पाठवायचेच असेल तर कायद्याने, सुनावणी घेऊन पाठवा. घटनेचे २१ वे कलम नागरिकापुरते नाही, ते प्रत्येक व्यक्तीसाठी आहे.

आता आपण काय करायचे? पहिले, वस्तीतल्या प्रत्येक बाईचे कागद तिच्या स्वतःच्या हाती असावेत. जन्मदाखला, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, यांच्या प्रती काढून एक संच विश्वासू मैत्रिणीकडे ठेवा. दुसरे, कुणाला उचलले तर लगेच वकील मागा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अटक झाली तर २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर तसेच असाधारण कारण, न्यायाधीशाची आधी घेतलेली परवानगी आणि महिला अधिकारी लागते. हे पाठ करून ठेवा. तिसरे, पोलीस आयुक्तांकडे एकत्र जाऊन मागणी करू या : मूळ जिल्ह्यातून पडताळणीचे उत्तर आल्याशिवाय, लेखी कारण दिल्याशिवाय, म्हणणे ऐकल्याशिवाय कुणालाही राज्याबाहेर नेऊ नये.

शेजारीण बंगाली बोलते म्हणून तिच्या दाराशी पोलीस आले, तर आपण आपले दार लावून घ्यायचे नाही. बाहेर यायचे, आणि आदेश लेखी मागायचा.