दहावीच्या आत 'बनगरवाडी'

शाळा संपण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचलीच पाहिजे अशी एक कादंबरी सांगा, असा विषय मला मिळाला, तेव्हा मित्रमंडळींनी उत्तर परस्पर ठरवूनच टाकलं होतं. मी हमीद दलवाईंची 'इंधन' सांगणार! मुसलमान कवी, म्हणून मुसलमान लेखक, असा सरळ हिशेब. 'इंधन' फार मोलाची कादंबरी आहे, १९६५ ची. पण एका गावात दोन जमातींमध्ये ठिणगी कशी पडते, हे पचवायला थोडं वय लागतं. ती कॉलेजात गेल्यावर वाचावी. शाळेत असतानाच वाचायची ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'.

१९५५ साली पुस्तकरूपानं आलेली ही लहानशी कादंबरी दोन दिवसांत वाचून होते. माणदेशातली धनगरांची एक वाडी, काळ औंध संस्थानाचा. तिथं राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर नेमणुकीवर येतो. वाचणाऱ्या मुलांहून तो फार मोठा नाही. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. मग वाडीचा म्हातारा कारभारी पोरं गोळा करून देतो आणि शाळा सुरू होते. मास्तर वाडीला शिकवायला आलेला असतो खरा; पण पानं उलटतात तसं लक्षात येतं, की शिकतो आहे तोच. वाडीकरांच्या कष्टातून तालीम उभी राहते, तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो. कारभाऱ्याची अंजी मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते आणि एवढ्याशा गोष्टीवरून कारभाऱ्याचं मन फिरतं. भल्या हेतूनं केलेलं कामही अंगाशी येऊ शकतं, हे पंधराव्या वर्षी कुणी तरी सांगायला हवं असतं.

माझं बालपण सांगोला तालुक्यातलं, म्हणजे माणदेशातलंच. घरात दखनी, बाहेर मराठी. अब्बा गावात शिलाईकाम करायचे. १९८५ साली मी नववीत होतो. मराठीच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले, तेव्हा आमचे एक शिक्षक सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "अरे, याला कसे काय?" त्यांना कौतुकच करायचं होतं, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र घरी आलो आणि जेवलो नाही.

त्याच सुमारास गावच्या वाचनालयातून 'बनगरवाडी' हाती आली. तिच्यात आयबू भेटला. मुसलमान, गरीब, मास्तरच्या अवतीभवती राहणारा, पडेल ते काम करणारा. लेखक त्याची वेगळी ओळख करून देत नाही, त्याच्याकडून एकोप्याचं भाषणही वदवून घेत नाही. शेकू आहे, आनंदा रामोशी आहे, तसा आयबू आहे. "तू इथं कसा?" असं त्याला कुणी विचारत नाही. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांत अकबर बादशहा होता, मौलाना आझाद होते. पण आमच्या घरासारख्या घरातलं माणूस मराठी पुस्तकात मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. मी कवी झालो त्याची कारणं बरीच असतील, त्यातलं एक आयबू आहे.

अब्बांना मराठी वाचता येत नसे. रात्री ते मशीनवर बसत आणि मी कंदिलाच्या उजेडात मोठ्यानं वाचे. चोळीच्या प्रकरणाला ते खूप हसले, म्हणाले, चोळीचं काम म्हणजे शिंप्यालाही जोखीमच. मग शेकूची गोष्ट आली. शेकूकडं एकच बैल. पेरा तर गाठायचा. तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः खांदा देते. माडगूळकर तिथं हळहळत नाहीत, दिसलं ते सांगून पुढं जातात. मशीन थांबलं. मी मान वर करून पाहिलं. अब्बा एवढंच म्हणाले, "इसमें झूट नै कुच." बहात्तरच्या दुष्काळात ते आणि आई खडी फोडायला गेले होते, हे मला त्या रात्री कळलं. तोवर घरात तो विषय कधी निघाला नव्हता.

आता एक विनंती. ही कादंबरी मुलांना द्या, पण तिच्यावर प्रश्न काढू नका. 'कारभाऱ्याचे स्वभावचित्र दहा ओळींत लिहा' म्हटलं, की कारभारी मेलाच. माडगूळकर स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. शाळा सोडून बेचाळीसच्या चळवळीत गेले, पुढं पुणे आकाशवाणीवर वर्षानुवर्षं खेड्यातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत राहिले. त्यांची छोटी छोटी वाक्यं मला तरी वाचण्यापेक्षा ऐकावीशी वाटतात. तेव्हा घरात कुणी तरी वाचावं, बाकीच्यांनी हातातलं काम करत ऐकावं.

शेवटी दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते. पोरंच नाहीत तर शाळा कुठली? मास्तरही निघतो. ते प्रकरण मी वाचून संपवलं तेव्हा अब्बा काजं करत होते.

"मग? आले का परत लोक?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक इथंच संपतं," मी म्हणालो.

त्यांनी सुई उजेडाकडं धरली, नवा दोरा ओवला आणि म्हणाले, "पाऊस पडला असंल तर आले असतील."