बिनगिअरची सायकल



मी सातवी शिकलेली, चुकले तर सांभाळून घ्या. घरातली जुनी सायकल मी चाळिशीनंतर शिकले, डबे पोचवायला. साखळी उतरली तर हाताने चढवते. हात काळे होतात, पण खर्च नाही. सपाटीवर हिच्यासारखी गुणी नाही. आपल्या दिंडोशीतून फिल्मसिटीकडचा चढ लागला की मात्र गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलीत मागचे मोठे दातेरी चक्र लावले की पाय हलका पडतो; पायडल जास्त मारावे लागते, एवढेच.

लेकीने कॉलेजसाठी तसली मागितली. मी खर्चाकडे पाहून नाही म्हटले. परवा चढावर उतरून सायकल ढकलत होते. मागून लेक आली, न बोलता तिने कॅरिअरला हात लावला. आता भिशी लागली की तिला गिअरची. मला हीच.