गिटारचा गर्जता सूर

ध्वनिक्षेपणाच्या शास्त्राची सारी साधना एकाच गोष्टीसाठी चाललेली असते. मायक्रोफोनपुढे जो आवाज उमटला, तोच आणि तसाच श्रोत्याच्या कानी पडावा. वाटेत त्याचा आकार बदलला, की त्या बदलाला विकृती म्हणावयाचे आणि ती दूर करण्यासाठी झटावयाचे. आज मी ज्या यंत्राविषयी आपणांशी बोलणार आहे, त्याची रीत याच्या अगदी उलट आहे. विद्युत गिटारच्या अँप्लिफायरमध्ये ही विकृती मुद्दाम उत्पन्न करतात, तिला वळण लावतात, आणि त्या वळणालाच वादकाचा सूर म्हणतात. रॉक संगीतातील गर्जता, लांबत जाणारा गिटारचा आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो कसा घडतो, आणि अधिक चांगला घडावा म्हणून कारागीर यंत्रात नेमके काय बदलतात, हे पाहण्याजोगे आहे.

या सुराचा जन्म बिघाडातून झाला. १९५१ साली अमेरिकेत मेंफिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले. त्या वेळी गिटारच्या अँप्लिफायरला इजा झाली होती आणि फाटक्या कर्ण्यात कागद कोंबून काम भागविले, असे सांगतात. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गीतात मिश्रणयंत्राचा एक प्रीअँप्लिफायर बिघडला आणि वाद्याचा आवाज खरखरीत उमटला. तो तसाच ठेवण्यात आला. १९६४ साली ‘किंक्स’ या इंग्रजी वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिसने तर आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या कर्ण्याचा कागद पात्याने स्वतःच चिरला. जो दोष लपवावयाचा, तो लोकांना आवडला. आणि मग अपघाताने मिळालेली गोष्ट हवी तेव्हा, हवी तशी मिळावी, असा प्रयत्न सुरू झाला.

कानाला ही विकृती गोड का वाटावी? याचे उत्तर आपल्याला फार दूर शोधावे लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतो. तार घोडीला अलगद घासत राहते आणि मूळ षड्जाबरोबर वरच्या स्वरांशांची एक प्रभावळ उमटते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या या गुणाचा शास्त्रीय अभ्यास केला होता. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित घासून जवारी साधतात. घासणे थोडे कमी पडले तर सूर मुका राहतो, अधिक झाले तर तो चरचरतो. गिटारच्या अँप्लिफायरमध्ये हेच कार्य घोडीऐवजी व्हॉल्व्ह करतो. तरंगाचे डोके छाटले गेले, की त्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांश निपजतात. साधने निराळी, पण मूळ नादात समृद्धी किती भरावी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

आता थोडे अंकगणित करू. या कामी बहुतेक ठिकाणी १२ एएक्स ७ नावाचा व्हॉल्व्ह वापरतात. युरोपात त्यालाच ईसीसी ८३ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड असतात आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक ट्रायोड येणारा संदेश सुमारे पन्नास ते साठ पट वाढवितो. गिटारच्या पिकअपमधून साधारण एक दशांश व्होल्ट निघतो असे धरा. पहिल्या पायरीनंतर त्याचे पाच-सहा व्होल्ट होतात. दुसऱ्या पायरीच्या ग्रिडवर मात्र दोन व्होल्टही धड मावत नाहीत. जे मावत नाही ते छाटले जाते. अशा तीन-चार पायऱ्या एकापुढे एक ठेवल्या, की तारेचा स्वर विरत चालला तरी छाटणी चालूच राहते, आणि म्हणून गिटारचा सूर सारंगीसारखा लांब टिकतो.

इतिहासही याच पायऱ्यांनी वर चढला. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांनी १९६२ साली आपल्या सहकाऱ्यांसह पहिला अँप्लिफायर बांधला. नमुना होता अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा ‘बेसमन’. परंतु पहिल्या जागी त्यांनी अधिक वाढ देणारा ईसीसी ८३ घातला. पुढे कॅलिफोर्नियात बर्कले येथे रँडल स्मिथ यांनी फेंडरचे लहान अँप्लिफायर उघडून त्यांत फेरफार केले, आणि १९७० च्या दशकात वाढीची एक जादा पायरी घातली. १९७५ साली मार्शलने ‘मास्टर व्हॉल्यूम’ आणला. त्यामुळे आतल्या आत हवी तेवढी विकृती घडवून बाहेरचा आवाज मात्र आवरता येऊ लागला. नंतर ब्रूस एग्नेटर यांच्यासारख्या रचनाकारांनी प्रीअँप्लिफायर सुट्या खणाच्या रूपाने बनविला. खण काढावा, दुसरा बसवावा, की यंत्राचा स्वभाव पालटतो. असा खण उघडून त्यात बदल करण्याचा मोह हौशी कारागिरांना होतो, यात नवल नाही.

या ठिकाणी बहुतेकांची समजूत अशी असते, की गर्जना हवी म्हणजे वाढ अधिक हवी. अनुभव वेगळे सांगतो. दोन स्वर एकत्र छाटले गेले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्मास येतात. एकशे दहा आणि एकशे पासष्ट कंपनांचे षड्ज-पंचम एकदम वाजविले, तर वजाबाकी पंचावन्न येते. तो खालचा षड्जच होय. म्हणून हा जोडस्वर विकृतीतही भव्य वाटतो. पण त्यात गांधार मिसळला, आणि तोही गिटारच्या पट्ट्यांवरचा किंचित चढा गांधार, तर वजाबाकीचे स्वर बेसूर निघून सारा गाळ माजतो. हा गाळ मुख्यतः खालच्या सप्तकातून येतो. म्हणून जाणत्या कारागिराचा पहिला नियम असा, की छाटणीच्या अगोदर खर्ज आवरावा.

हे काम अल्पमोली सुट्या भागांनी होते. कॅथोडवर दीड किलोओहमचा रेझिस्टन्स आणि पंचवीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तर सारा खर्ज पूर्ण वाढीने पुढे जातो. त्याऐवजी दोन दशांश सात किलोओहम आणि शून्य दशांश अडुसष्ट मायक्रोफॅरड लावले, तर सुमारे दोनशे तीस हर्ट्झच्या वर पूर्ण वाढ मिळते आणि नव्वदच्या खाली ती बरीच उतरते. गिटारची सर्वांत जाड तार ब्याऐंशी हर्ट्झला बोलते, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे मर्म कळेल. दोन पायऱ्यांमधील कंडेन्सर लहान करूनही हेच साधते. दुसरा बदल छाटणीच्या स्वरूपाचा. एखाद्या पायरीचा कॅथोड रेझिस्टन्स दहा किलोओहमपर्यंत वाढविला, तर तो ट्रायोड जवळजवळ झोपी जातो आणि तरंगाची एकच बाजू लवकर छाटतो. मार्शलच्या १९७५ च्या रचनेत हीच युक्ती आहे. १९८७ साली आलेल्या सोल्डानोच्या अँप्लिफायरमध्ये हा आकडा एकोणचाळीस किलोओहमपर्यंत गेला. तिसरा बदल शेवटी करावयाचा. छाटणीनंतर फार तीक्ष्ण झालेली टोके प्लेटच्या रेझिस्टन्सवर काहीशे पिकोफॅरडचा कंडेन्सर ठेवून गोल करावीत. गमावलेला खर्ज हवा असेल, तर तो त्यानंतर टोनच्या बटणांनी परत भरून घ्यावा. आधी वजा, मग छाटणी, मग बेरीज, असा हा क्रम आहे.

वाढीबरोबर शत्रूही वाढतात. पहिल्या पायरीत शिरलेली कुजबूज पुढच्या प्रत्येक पायरीत गुणली जाते. आपल्याकडील वीज पन्नास हर्ट्झची. तिची गुणगुण ग्रिडच्या लांब तारेतून सहज आत येते. म्हणून पहिल्या ग्रिडकडे जाणारी तार आखूड आणि जाळीच्या आवरणाची असावी, आणि ग्रिडचा रेझिस्टन्स व्हॉल्व्हच्या पायाशीच जोडावा; नाहीतर यंत्र स्वतःशीच शीळ घालू लागते.

याहून मोठा धोका जिवाचा आहे. या यंत्रांत तीनशे व्होल्टच्या आसपास, काहींत त्याहूनही अधिक दाब असतो, आणि वीज बंद करून प्लग काढला तरी गाळणीचे मोठे कंडेन्सर तो दाब बराच वेळ धरून ठेवू शकतात. ते रेझिस्टन्समधून रिकामे करून, मीटरने खात्री करून घेतल्यावाचून आत बोट घालू नये. ज्याला हे काम रीतसर शिकावयास मिळालेले नाही, त्याने आपली इच्छा जाणत्या कारागिराला सांगावी. ऐकण्याचे काम मात्र स्वतः करावे.

कारण शेवटचा निर्णय कानाचाच असतो. एका वेळी एकच भाग बदलावा, जुना भाग जपून ठेवावा, काय केले ते वहीत टिपावे. हलक्या आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी जाणवतात. म्हणून खोलीत रात्री सुरेख वाटलेला बदल मंचावर कर्कश ठरतो. ज्या मोठेपणाने वाजवावयाचे, त्याच मोठेपणाने, आणि शक्य तर बरोबरच्या वाद्यांसह, तो ऐकावा. बोटांचा हलका स्पर्श आणि जोराचा आघात यांतला फरक बदलानंतरही ऐकू येतो का, एवढे विचारावे. येत असेल, तर यंत्र वादकाच्या आज्ञेत आहे. येत नसेल, तर कितीही गर्जना निघो, बोलते आहे ते यंत्र. वादक गप्प झालेला आहे. तेथे एक पायरी खाली उतरण्यातच शहाणपण आहे.